सिंकखालचा कप

अन्याय झाला तो आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर. दिल्लीची मेट्रो आमच्या द्वारकेपर्यंत आली, त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीआधीच्या रविवारी, सकाळच्या चहाला, आमच्याच स्वयंपाकघरात. करणारी माझी आई. बघणारे आम्ही सगळे.

आधी 'मावशी' या शब्दाबद्दल सांगते. त्या बिहारच्या. सोसायटीतल्या बाकीच्या घरांत त्यांना 'मेड' म्हणत, नाहीतर नुसतं 'सुनो'. आईला ते आवडायचं नाही. "आपल्या मराठी घरांत असं बोलत नाहीत," असं म्हणून तिनं पहिल्याच दिवशी आम्हा भावंडांना बजावलं, मावशी म्हणायचं. त्या हसल्या. "मौसी? चलो, ठीक है।" आईच्या या चांगुलपणाचं तिच्या मैत्रिणींना फार कौतुक. तर असं आईच्या बहिणीचं नातं त्यांना मिळालं. कप मात्र सिंकखाली मिळाला.

पांढरा, निळ्या काठाचा, कानाचा टवका उडालेला. सेटमधून बाद झालेला. फिनेल आणि कचऱ्याच्या पिशव्यांशेजारी तो पालथा असायचा. मावशी आमची कणीक मळायच्या, पोळ्या लाटायच्या, आमटी तळहातावर घेऊन चाखायच्या. तो हात आम्हाला चालायचा. ओठ चालत नव्हते.

"आई, हा कप वर का नाही ठेवत?"

"वर जागा कुठेय?"

हे उत्तर मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. आणि जागा नव्हती हे खरंच होतं. फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर आईबाबांनी मॉड्युलर किचन हौसेनं बसवून घेतलं होतं. बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये सिमेंटच्या फळ्यांवर संसार मांडून झालेला, त्यामुळे त्या चकचकीत लाल शटर्सचं आईला कोण अप्रूप! पण ते किचन कॅटलॉगमधल्या घरासाठी बनलेलं होतं. पुरणयंत्र, सोऱ्या, परात आणि वर्षभराच्या मसाल्याच्या बरण्या असलेल्या घरासाठी नव्हे. खोल कपाटांत एकच फळी, तिच्यावर निम्मी नुसती हवा. कोपऱ्यातल्या कपाटात हात पोचायचा नाही. वरच्या कपाटांच्या डोक्यावर छतापर्यंत मोकळं, धूळ खात.

कॉलेजात गेल्यावर मी पत्रकं लिहायला लागले. घरकाम करणाऱ्या बायकांवरही लिहिलं. त्यातून एक शिकले: समोरचा जी सबब सांगतो, ती आधी त्याच्या हातातून काढून घ्यायची. जागा नाही? ठीक आहे. जागा करू.

बाबांना पटवलं, मिस्त्री आणला. वरची कपाटं छताला भिडवली. खोल कपाटांत मागच्या बाजूला अर्धी फळी टाकली, म्हणजे मागच्या बरण्या पुढच्यांच्या डोक्यावरून दिसतील. कोपऱ्यात फिरती गोल फळी बसवली. ओट्याखालच्या कपाटांच्या पायाशी जी पट्टी असते, ती काढून तिथे चपटे ड्रॉवर केले. परात, पोळपाट, तवे सगळं त्यात गेलं. आणि कपांच्या फळीखाली हुकांची रांग लावली.

"अगं, बिल्कुल दुप्पट झालं की!" आई प्रत्येक दार उघडून बघत होती.

घरातले सगळे कप टांगून तीन हुक उरले. मी सिंकखालचा कप घासला आणि शेवटच्या हुकावर अडकवला. जिंकले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर हुक रिकामा. मिस्त्री शेवटची कामं उरकून गेला होता. सिंकखालचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला फिनेलच्या बाटल्यांसाठी छोटा रॅक, आणि त्याच्याखाली स्टीलची एक गोल कडी. कपाच्या मापाची. तीत कप.

"बघ," आई खरोखर खुशीत होती, "त्यांचीही वेगळी सोय करून घेतली. आता लवंडणार नाही."

"आई, वर तीन हुक रिकामे आहेत."

"पाहुण्यांना लागतात ना."

"मग यापुढे जागा नाही असं म्हणू नकोस."

आईनं सिंकखालचं दार लावलं आणि म्हणाली, "घरात पत्रकासारखं बोलू नये, यार."

मग तो रविवार आला. पुण्याची मावशी, म्हणजे आईची सख्खी बहीण, दिवाळीला आमच्याकडे आली होती. नवे ड्रॉवर ओढून बघत ती ओट्याशी उभी होती. पलीकडे मावशी पोळ्या लाटत होत्या. बाहेरच्या खोलीतून माझा भाऊ ओरडला, "मावशी, चहा!"

"आले रे!"

"लाई, बेटा!"

दोघी एकदम बोलल्या. सगळे हसलो. त्या दोघीही एकमेकींकडे बघून हसल्या. आईही हसत होती. हसत हसतच तिनं हुकावरचा कप काढून बहिणीला चहा दिला. मग वाकली, सिंकखालचं दार उघडलं, कडीतला कप काढला आणि त्यात चहा ओतला. भांडं कपाला लागू नये म्हणून थोडा वरून.

"आई. हुक," मी म्हणाले.

पुण्याच्या मावशीनं आपल्या कपात बघितलं.

"चहा निवतोय," आई म्हणाली.

मावशी कप घेऊन मागच्या बाल्कनीत गेल्या. मी मागोमाग गेले, तर माझ्यावरच उखडल्या. "बिटिया, तुम तो कॉलेज चली जाओगी। डाँट मैं खाऊँगी। चैन से पीने दो।" चहा संपवला, कप धुतला आणि स्वतःच्या हातानं कडीत ठेवला. "एकदम फिट," दार लावत म्हणाल्या. "लो, मेरी भी अलमारी बन गई।" त्या हसल्या. माझ्याच्यानं हसवेना.

तेव्हापासून काहीही बदललेलं नाही. माझी पत्रकं आई मैत्रिणींना वाटते, लेक लिहिते म्हणून अभिमानानं सांगते. त्या वाचतात, "किती खरंय गं" म्हणतात, आणि तेवढ्यात मावशी त्यांचा चहा घेऊन येतात. हुक रिकामेच आहेत. पूर्वी निदान जागा नाही म्हणता यायचं. मी जागा करायला निघाले, आणि त्यातून झालं काय, तर त्या कपाची सिंकखालची जागा पक्की झाली. स्क्रू मारून. आमच्या घरात आता हे हलेल असं मला वाटत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. हे वाचून कुणाला 'किती खरंय' म्हणू नका. उठा, आपल्या सिंकखालचं दार उघडा. तिथे नसेल तर बाल्कनीत बघा, खिडकीच्या गजामागे बघा. कप सापडेल. तो आत्ता वर ठेवा, तुमच्या कपांच्या मधोमध, आणि उद्या सकाळी त्यातला चहा तुम्ही प्या. जमत नसेल, तर तिला मावशी म्हणणं आजपासून बंद करा.