हेरिटेजमध्ये फ्रिज बसत नाही

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या मावशींनी मला सांभाळलं, हे आधी लिहून ठेवते. बाकीचं मग. त्या माझ्या सख्ख्या मावशी नाहीत, लांबच्याही नाहीत. त्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी हिंगोलीकडची, नववीत शाळा सुटलेली. मुंबईत माझं कुणी नव्हतं. ओळखीच्या एका बाईंनी मला त्यांच्याकडे आठ दिवसांसाठी पाठवलं होतं. ते आठ दिवस कधीच संपले, पण "तू जाणार कधी?" हे मावशींनी विचारलं नाही. मी मात्र रोज सकाळी डोळे उघडले की मनात तेच म्हणायची, आज विचारतील. आज नक्की विचारतील.

त्यांचा मुलगा विरारला राहतो, तिन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या. तो महिन्यातून एकदा आईची औषधं, इन्सुलिन घेऊन यायचा, आणि माझ्याकडे न बघता विचारायचा, "ही अजून इथेच?" मावशी म्हणायच्या, "आसा. तुझ्या ताटातला खाता काय?" तो औषधं फ्रिजमध्ये ठेवून निघायचा. पण त्याला फक्त एक निमित्त हवं होतं, हे मला कळत होतं.

तेव्हा मी हेरिटेज वॉकच्या कामाला होते. हा काय प्रकार असतो ते सांगते. लोक रविवारी सकाळी पांढरे बूट घालून येतात आणि दुसऱ्यांची घरं बघतात. आधी परळची बंद गिरणी, मग लालबागची चाळ, तिथून मिनीबसने गिरगाव, लाकडी कठड्यांची घरं, शेवटी चौपाटीवर फोटो. गिरणीच्या जागी आता मॉल आहे. चिमणी तेवढी ठेवली आहे, तिला रात्री दिवे लावतात. कामगार नको होता, चिमणी हवी होती, कारण चिमणी पगार मागत नाही. लोक तिच्याखाली उभे राहून म्हणायचे, "किती मूव्हिंग आहे ना!" आणि आत जाऊन कॉफी प्यायचे.

वॉक चालवणारे आमचे सर शिकलेले, गोड बोलणारे. त्यांनी मला चार झेरॉक्स पानं दिली होती, ती पाठ करून ठेवायची, कधी बोलायची पाळी आली तर. माझं पाठांतर चांगलं. शाळेत तेवढंच चांगलं होतं. एका पानावर लिहिलं होतं, "गिरणगावाची धगधगती संस्कृती आजही इथल्या भिंतींतून श्वास घेते." मी रात्री ते मोठ्याने म्हणत होते, तेव्हा मावशी तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

"भिंतीतसून?" त्या म्हणाल्या. "भिंतीतसून ढेकूण येतत गो. श्वास खंयचो?"

त्यांना या सगळ्या पर्यटनाचा रागच होता. गावी दिराने घराचं होम स्टे केलंय. आदल्या वर्षी मे महिन्यात मावशी गेल्या तर त्यांना मागच्या पडवीत झोपायला लागलं, कारण त्या लग्न होऊन ज्या खोलीत आल्या तीच खोली पुण्याच्या पाहुण्यांनी बुक केली होती. पाहुण्यांनी त्यांनाच विचारलं, "मावशी, इथे अजून कुठले पॉइंट बघण्यासारखे आहेत?" मावशींनी त्यांना स्मशानाची वाट दाखवली. समुद्राकडेच जाते ती, खोटं नाही.

मी वॉकमध्ये सरांच्या मागून चालायची, डोकी मोजायची, पुन्हा मोजायची. कुणी हरवलं तर माझी नोकरी जाईल या भीतीने बावीस माणसं मी दर दहा पावलांना मोजत असे. एक दिवस सर म्हणाले, "लालबागचा वॉक मी तुला देऊन टाकतो. कायमचा. फक्त एक कर. एका खोलीच्या आत जाता आलं पाहिजे. गेस्टना खरीखुरी खोली बघायचीय."

चाळीत तीन घरी विचारलं, तिघांनी दार लावलं. बरोबरच केलं. मग मी मावशींना विचारलं. 

"येवंदेत," त्या म्हणाल्या. "माणसा येतली, बघतली, जातली. तुझी नोकरी रवता ना?"

पहिल्या रविवारी बावीस जण दहा बाय बाराच्या खोलीत आळीपाळीने शिरले. एकीने मोरीचा फोटो काढला. "अय्या, किती क्यूट!" मोरीत काय क्यूट असतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एक काका खाटेवर बसून स्प्रिंग दाबून बघत होते, विकत घ्यायची असल्यासारखे. ठाण्याच्या एका बाईंनी विचारलं, "इथे अकरा माणसं झोपायची? कशी?"

"पाळ्येन," मावशी म्हणाल्या. "एक पाळी गिरणीत, एक पाळी झोपेत."

"आणि प्रायव्हसी?"

"काय नव्हती गो बाय. तरी चार पोरां झाली."

सगळे हसले, बाई लाल झाल्या. मला वाटलं, जमलं आपलं. पण सरांचा चेहरा पडलेला होता. खाली उतरल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या बेस्ट आहेत. पण तो फ्रिज. तो प्रत्येक फोटोत येतोय. लाल, डबल डोअर. सगळा फील जातो."

"त्यांचा आहे तो," मी म्हणाले.

"अगं, त्यांचाच राहू दे. दोन तास झाकून टाक. गेस्ट काय बघायला येतात इथे? फ्रिज तर त्यांच्या घरी आहेच."

आता हे वाक्य मला आठवतं तेव्हा थुंकावंसं वाटतं. ज्यांच्या घरी फ्रिज आहे त्यांना, ज्यांच्या घरी नव्हता त्यांचं घर बघायचं असतं, आणि त्यांनी मधे फ्रिज घेतला तर ते यांना फसवल्यासारखं वाटतं. गिरणी बंद पडल्यावर मावशींनी घरात डबे करून मुलं वाढवली, त्या डब्यांच्या कमाईतून तो फ्रिज आला. ही तर खरी गिरणगावची गोष्ट. ती चार पानांत नव्हती. पण तेव्हा मी हे बोलले नाही. "हो सर" म्हणाले. मी सगळ्यालाच "हो सर" म्हणायची.

पुढच्या रविवारी मी फ्रिजवर जुनी चादर टाकली, वर पत्र्याची ट्रंक ठेवली. मावशी बघत होत्या. "ह्या काय? मयत झाकलंस काय?" एवढंच म्हणाल्या आणि अँटॉप हिलला भाचीकडे जायला निघाल्या. तिथे सत्यनारायण होता, रात्री तिथेच राहणार होत्या. "किल्ली तुझ्याकडे. नीट दाखव तुझ्या सायबांका."

लोक आत आले आणि चादरीखालून फ्रिज घरघरायला लागला. कुणीतरी म्हणालं, "भूत आहे की काय?" सरांनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी खाटेमागे हात घालून बटण बंद केलं.

वॉक सुरेख झाला. चौपाटीवर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून लालबाग हिचा." टाळ्या वाजल्या. मी त्या आनंदात संध्याकाळपर्यंत गिरगावात नुसती फिरले. घरी आले, भेळ खाऊनच आले होते, चटई टाकून झोपले. चादर तशीच होती. मला काही आठवलं नाही.

मे महिना होता.

सोमवारी सकाळी मावशी आल्या. दार उघडताच त्यांना वास आला, मी तेवढ्याने जागी झाले. बांगडे होते आत. चादर काढली तर खाली पाणी साचलेलं. मावशींनी आधी मासे बघितले नाहीत, दाराच्या कप्प्यातल्या इन्सुलिनच्या कुप्या हातात घेतल्या. कोमट होत्या. मुलाने दोनच दिवसांपूर्वी सगळा साठा आणून ठेवला होता. खालचा औषधवाला म्हणाला, एवढ्या उकाड्यात दिवसभर न् रात्रभर राहिलंय, मी खात्री देणार नाही, नवं घ्या.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक पाय धरले असतील. मावशी म्हणाल्या, "आधी लादी पूस."

शेजाऱ्यांनी वासावरून मुलाला फोन केला होता. तो संध्याकाळी नवी औषधं घेऊन ऑफिसातून थेट आला. दारातच उभा राहून त्याने विचारलं, "फ्रिज बंद कोणी केला?" विचारलं आईला, पण बघत होता माझ्याकडे. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मिया केलंय," मावशी म्हणाल्या. "भाचीकडे जाताना पुसूक घेतललंय, परत लावूक इसारलंय."

"तू विसरलीस? तुला माझ्या लग्नात कोण कुठली साडी नेसली होती ते पाठ आहे."

"म्हणान आता डोक्यात जागा नाय रवली. म्हातारी झालंय. फाशी देतंस काय?"

तो खाटेवर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला. हळू आवाजात म्हणाला, "आई, मग तुला एकटं ठेवून नाही चालणार. उद्या गॅस विसरशील." मावशींनी मान खाली घातली. या बाईला मी मान खाली घालताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

जाताना तो दाराशी थांबला आणि पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला. "तुम्ही आहात ना इथे? लक्ष ठेवा जरा तिच्यावर. राहा तुम्ही."

म्हणजे मला जी भीती होती ती गेली. अशी गेली.

पुढच्या रविवारी मी सरांना सांगितलं, खोली मिळणार नाही. ते म्हणाले, "मग तुझा उपयोग काय?" मी चार पानं परत दिली. लालबागचा वॉक आता कॉलेजातली एक मुलगी नेते. तिला म्हणे डिलाईल रोडला एक खोली मिळाली आहे, फ्रिज नसलेली. मी मसाल्याच्या दुकानात पॅकिंग करते. वॉकवाले तिथेही येतात, मिरच्यांच्या ढिगाचे फोटो काढतात, शिंकतात आणि याला सुगंध म्हणतात. मी मान वर करत नाही.

मुलगा मात्र रोज रात्री फोन करतो. "आई, गॅस बंद केलास? इंजेक्शन घेतलंस? आज वार कुठला?" मावशी वार सांगतात. लहान मुलाने सांगावा तसा, रोज. शेजारचेही आता त्यांच्याशी जरा मोठ्याने, सावकाश बोलतात. ज्यांनी आख्ख्या चाळीची कुळकथा तोंडपाठ ठेवली त्यांना लोक विसराळू समजतात, आणि मी शेजारी बसून भाजी निवडत असते. एकदा मी म्हणाले, मावशी, मी सांगून टाकते त्याला. त्या म्हणाल्या, "आणि मगे रवतलंस खंय, चेडवा?" राहायला दुसरी जागा मला नव्हतीच, मी पुन्हा भाजी निवडायला घेतली.

त्यामुळे इथे लिहून देते. ज्या दिवशी माझी स्वतःची खोली होईल, भाड्याची का होईना, कुठल्याही कोपऱ्यात, त्या दिवशी सामान हलवायच्या आधी मी विरारला जाईन आणि त्यांच्या मुलाला त्याच्या घरात उभं राहून सांगेन की बटण मी बंद केलं होतं, तुमची आई काहीही विसरलेली नाही. तो मला काय बोलायचं ते बोलेल. मावशींचं हे देणं मी फेडणार आहे.