अल कुसैसमधली कॉकटेल टूर

दुबईत अल कुसैसला आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. मुलगी साडेसहाला स्कूलबसमध्ये बसायची, नवरा सातला गाडी घेऊन ऑफिसला जायचा, आणि मागे उरायचो मी आणि एसी. एसी चालू म्हणून खिडक्या बंद. उघडल्या तरी दिसणार काय, तर शारजाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. खालच्या ग्रोसरीला फोन केला की कोथिंबिरीची जुडीसुद्धा वर यायची. पुण्याहून कुणी आलं की म्हणायचं, "काय सुख आहे गं तुला!" सुख कसलं, डोंबल! कोथिंबीर आणायच्या निमित्ताने तरी माणूस चार पावलं चालतो, कुणाशी हुज्जत घालतो. माझी हुज्जत फोनवर व्हायची, तीही हिंदीत.

पुण्यात मी एका ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवर पाच वर्षं काम केलं होतं. मोपेडवरून जायचे, उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. पासपोर्टात शिक्का बसला, 'हाऊसवाइफ, नॉट पर्मिटेड टू वर्क'. पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. तिसऱ्या वर्षी तोच शिक्का वाचून रात्रीचं जेवण गेलं नाही. नोकरी करायची तर नवऱ्याचं एनओसी हवं, म्हणजे 'माझी हरकत नाही' असं पत्र, त्याच्या सहीचं. गाडी शिकायची तरी तेच.

नवरा वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारा उगाच त्याच्यावर दात धरेल. त्याने मला कधीच नाही म्हटलं नाही. तो "बघू" म्हणायचा. पुढे ऑफिसात अरबांच्या संगतीत राहून "इन्शाल्ला", म्हणजे देवाच्या मनात असेल तर, म्हणायला लागला. नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. "बघू"शी भांडायचं कसं?

आमच्या वरच्या मजल्यावर मंगळूरच्या एक बाई राहायच्या. त्या एका छोट्या टूर कंपनीत कामाला होत्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं, गोरे टुरिस्ट दुबईला येऊ लागले होते. एक दिवस त्या माझ्याकडे चहाला आल्या आणि म्हणाल्या, "इंग्लंडचे सहा लोक आलेत. त्यांतली एक बाई मागच्या वर्षी व्हिएतनामला जाऊन आली आहे. तिकडे म्हणे संध्याकाळी गाइड गल्लीबोळांतून फिरवतो, रस्त्यावरचं खायला घालतो, मध्येमध्ये कॉकटेल पाजतो. तिला इथे तसंच पाहिजे. आमचे गाइड फक्त वाळवंटात उंटावर बसवायला शिकलेत. तू करशील?"

करशील? मी कपातला चहा सांडला.

त्यांच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं, एक टूर ट्रायल म्हणून करा, पैसे नाही मिळणार. जमलं तर नवऱ्याचं एनओसी आणा, आम्ही रीतसर घेऊ. मी ठरवलं, आधी करून दाखवायचं, मग ह्यांच्यापुढे कागद ठेवायचा. एकदा जमलेलं दिसलं की "बघू" म्हणायला जागाच उरणार नाही. आणि ट्रायल फसली तर आयुष्यभर ऐकावं लागेल, "तरी मी म्हणत होतो."

टूर शुक्रवारी ठरली होती. बुधवारी मॅनेजरचा अबुधाबीहून फोन आला, "शुक्रवारी मोठा सण आहे, बार बंद असतात. दुसरा दिवस तुम्हीच बघा आणि लोकांना कळवा." मी लगेच म्हटलं, मग गुरुवारी संध्याकाळी! गुरुवारी ह्यांना ऑफिसात हिशेब संपवून उशीर होणार होता, म्हणजे सोन्याहून पिवळं. मी हॉटेलवर फोन केला, ड्रायव्हरला सांगितलं, मुलीला मंगळूरच्या बाईंकडे ठेवलं, काठापदराची साडी नेसले आणि निघाले. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पर्समध्ये घराच्या किल्लीशिवाय कामाचं असं काहीतरी होतं, सहा जणांच्या नावांचा कागद.

काय संध्याकाळ होती ती! आम्ही खाडी लाकडी होडीतून ओलांडली. मसाल्याच्या गल्लीत मी त्यांना केशर आणि करडईच्या पाकळ्या यांतला फरक वासावरून ओळखायला लावला. देरा भागात एका कोपऱ्यावर शवर्मा खिलवला. मी शाकाहारी, त्यामुळे शवर्म्याचं सगळं वर्णन ऐकीव, पण इतकं रंगवून सांगितलं की एका आजोबांनी दुसरा मागितला. तीन दिरहम, म्हणजे तीसेक रुपये, असं मी सवयीने मोठ्याने म्हणाले आणि सगळे हसले. फलाफल म्हणजे आमच्या वड्याचा चुलतभाऊ, हेही त्यांना पटलं. व्हिएतनामवाली बाई सारखी सांगत होती, सायगावला आम्ही स्कूटरवर मागे बसून फिरलो, स्कूटर चालवायला विशी-बाविशीच्या मुली होत्या, गर्दीत कशा सुळ्ळकन घुसायच्या! मला तिचा हेवा वाटत नव्हता. त्या मुलींचा वाटत होता.

अंधार पडला तसे आम्ही पहिल्या हॉटेलच्या बारपाशी आलो. दार बंद. म्हटलं, दुरुस्ती असेल. दुसऱ्या हॉटेलात गेलो, तिथेही बंद. तिसऱ्या हॉटेलात रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चंद्रावरून आले आहे. "मॅडम, आज ड्राय नाइट आहे. सण आज सूर्यास्तापासून सुरू झाला."

बोंबला!

आपल्याकडे दिवस उजाडल्यावर सुरू होतो. गांधी जयंतीचा ड्राय डे म्हणजे दोन तारखेला दुकान बंद, एक तारखेला रात्री उशिरापर्यंत उघडं, हे न पिणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं. एकादशीसुद्धा सूर्योदयाला बघतात. अरबांचा दिवस मावळतीला सुरू होतो, हे तीन वर्षं या देशात राहून मला माहीत नव्हतं, कारण चौथ्या मजल्यावर बसून ते कळणार कसं? शुक्रवार टाळायला म्हणून मी बरोब्बर शुक्रवारातच येऊन पडले होते.

मिनीबसमध्ये सहा माणसं घाम पुसत माझ्याकडे बघत होती. त्यांच्या कागदावर ठळक लिहिलेलं, 'कॉकटेल'. व्हिएतनामवाली म्हणाली, "सायगावमध्ये असं कधी झालं नव्हतं." तिला मी त्याच खाडीत ढकलून दिलं असतं. पण चूक माझीच होती, आणि त्या क्षणी मला माझी सगळी पुढची वर्षं दिसली, एसीसकट. मग तोंडातून निघून गेलं, "आता शेवटचं ठिकाण. एका खऱ्या घरी." आणि ड्रायव्हरला म्हटलं, "यल्ला, चला, अल कुसैस!"

ह्यांच्याकडे दारूचं लायसन्स होतं. ते पोलिसांकडून मिळायचं आणि त्या अर्जावर कंपनीची सही-शिक्का लागायचा. म्हणजे ह्यांच्या दारूला कंपनीचं एनओसी आणि माझ्या नोकरीला ह्यांचं एनओसी, असा आमचा संसार. बाटल्या कपाटात, ब्लँकेटांच्या मागे. जिन आणि रम आहे एवढं मला माहीत होतं, त्यात काय घालतात ते नव्हतं. पण फ्रिजमध्ये पन्हं होतं, सावंतवाडीच्या मावशीने दिलेलं कोकमाचं आगळ होतं. पाहुणा दारात आला की तो उपाशी परत जात नाही, ही आमच्या घरातली शिकवण, मग तो इंग्लंडचा असो नाहीतर नारायण पेठेतला. मोजायला काही सापडेना, तेव्हा मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं. ग्लासाच्या कडेला सैंधव आणि जिऱ्याची पूड लावली. पन्ह्यात जिन, कोकमात रम. कांदे चिरले, बेसन कालवलं, कढई चढवली.

हे असं घरी बसवून परक्यांना पाजणं कायद्याने चालतं का, कुणास ठाऊक. जिन्यात पाऊल वाजलं की मला पोलीस दिसायचे. लिफ्टचा आवाज आला की नवरा दिसायचा. आणि बाहेर हॉलमध्ये हे लोक खूश! आजोबा दिवाणावर मांडी घालून बसलेले, व्हिएतनामवाली भज्यांवर तुटून पडलेली. कोकम-रमचा दुसरा ग्लास तिने स्वतः भरून घेतला आणि मला म्हणाली, "हे सायगावला नव्हतं!" मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

टाय सैल, हातात बॅग, असा माझा नवरा उभा. त्याने सोफ्याकडे बघितलं, ग्लासांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही बोलायच्या आत व्हिएतनामवाली आनंदाने ओरडली, "तुम्हीच का आमच्या गाइडचे मिस्टर? आम्ही तुमच्या बायकोच्या टूरवर आहोत!"

झालं. हातातला झारा तसाच.

पण ह्यांनी बॅग ठेवली, हसले, आणि म्हणाले, "वेलकम, वेलकम!" मग मराठीत, खालच्या आवाजात, "अगं, बर्फ कुठाय?"

पुढचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. आपला नवरा इतकं छान बोलतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा आला तेव्हा विमानतळाबाहेर चपला कशा भाजल्या, ऑफिसातला अरब साहेब प्रत्येक गोष्टीला इन्शाल्ला म्हणतो त्यातलं 'हो' कुठलं आणि 'नाही' कुठलं ते कसं ओळखायचं, उम्म अल कुवैनला मासे कुठे घ्यावेत. हॉल नुसता खदखदून हसत होता. मी भजी तळत होते. मध्येच हाक यायची, "अगं, अजून आण गं!" मी ताट नेऊन ठेवायचे आणि परत यायचे, कारण कढई गॅसवर होती. मुलगी वरून खाली आली, तिला सगळ्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारले आणि तिने फाडफाड उत्तरं दिली. जाताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आणि ह्यांच्यासाठीही. आजोबांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

दार लागलं. मी सिंकपाशी उभी राहून बोलणी खायची तयारी केली. ह्यांनी बाह्या सरसावल्या आणि ग्लास घासायला घेतले. लग्नाला दहा वर्षं झाली होती, ह्यांनी चमचा विसळलेला मी बघितला नव्हता. वर शीळ घालत होते.

"मला आधी का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. "मस्त झालं की! मला वाटायचं, तुला कुठेतरी कारकुनी करायची आहे. हे किती छान आहे."

"म्हणजे सही कराल?" मी विचारलं.

"सही कशाला? अगं, त्यांना इथेच आण ना. दर गुरुवारी. दारूबिरू नको, उगाच पोलिसांचं लचांड. तुझं पन्हं, कोकम, भजी. घरी पाहुणे आले तर ती काय नोकरी होते? उन्हातान्हात, त्या गल्ल्यांमधून तुला वणवण करायला नको. मीही असेन मदतीला."

"अहो, पण मला बाहेर जायचंय."

ते थांबले. हातातला ग्लास पुसत माझ्याकडे बघितलं, इतक्या मायेने की मला धड ओरडताही येईना. "जाऊ की. उद्या शुक्रवारच आहे. सांग, कुठे जायचंय?"

मला रडू नाही आलं. संताप आला. आणि संताप काढायचा कुणावर? समोर होता तो माणूस माझी भांडी घासत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. लोक बेहद्द खूश होते. म्हणाला, घरातली संध्याकाळ ही आयडिया फर्स्टक्लास, मिस्टरांशी बोलणं झालंय, कागदपत्रांचीही कटकट नाही. मिस्टरांशी बोलणं झालंय! मी "हो" म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तेही गेलं असतं.

दोन वर्षं दर गुरुवारी माणसं येत राहिली. ड्रायव्हर त्यांना खाडीवर फिरवून, शवर्मा खिलवून शेवटी माझ्याकडे सोडायचा. ओळखीच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस, घरबसल्या काम. कोपऱ्यावरचं शवर्म्याचं दुकान बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान आलं, हे मला दुसऱ्यांदा आलेल्या एका फ्रेंच माणसाने सांगितलं.

एकदा एका तरुण मुलीने जाताजाता विचारलं, "उद्याचा दिवस मोकळा आहे. तुम्ही इथल्याच, तुम्हीच सांगा, या शहरात आणखी कुठे फिरावं?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "त्यांना विचारा. ते बाहेर जातात."