वरमाईची एकच मागणी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पालघर तालुक्यातल्या तमाम प्रतिष्ठित घराण्यांची खरी प्रत आमच्या वच्छीआत्याने कायमची ठरवून ठेवली होती, आणि तिच्या निकालावर अपील नव्हते. दिवाणखान्यातली झुंबरे, पूर्वजांचे फोटो, कपाटातली चांदीची भांडी यांना तिच्या दरबारात शून्य गुण. ती थेट मागच्या दाराने परसात जाई, नजर फिरवी आणि परत येऊन खुर्चीत टेकण्याआधीच त्या घराण्याचा निकाल लागलेला असे. "संडास नाय, मग ती श्रीमंती कसली? नुसता देखावा," हे ती घरमालकाच्या तोंडावर म्हणे आणि वर त्याचाच चहा पिई.

हा काही तिचा छंद नव्हता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी तिथल्याच एका कचेरीत नुकता चिकटलो होतो. पाळी जाऊन काही वर्षे झाल्यावर आत्याच्या अंगावरून पुन्हा जायला लागले. आळीतल्या अनुभवी बायकांनी एकमुखाने निदान केले, उष्णता. सब्जाचे पाणी सुरू झाले. आत्याने ते काही दिवस प्यायले, मग कोणाला न विचारता डॉक्टर गाठला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन होऊन पिशवी काढली, मग बरेच आठवडे 'लाईट' दिली. किरणांच्या उपचाराला सगळे तेच म्हणत. रोग गेला, डॉक्टरांनी हात जोडून निरोप दिला, नातेवाइकांनी 'सुटलीस गं बाई' म्हणून पेढे खाल्ले आणि विषय संपवला.

आत्याचा विषय तिथे सुरू झाला. लाईटने तिची आतडी दुखावली होती. पोटात कळ आली की त्याच क्षणी जावे लागे, चपला शोधायलाही उसंत नसे. जी बाई सकाळी चिंचणीला बहिणीकडे, दुपारी बोईसरच्या बाजारात आणि संध्याकाळी भजनाला पहिल्या रांगेत, तिला एसटी नको झाली, देऊळ नको झाले. दुपारीच दमून आडवी होई, संध्याकाळी एक पाय सुजे. तिचा तालुका आकसत आकसत संडास असलेल्या घरांपुरता उरला. बोईसरच्या वसाहतीत एकेका खोलीत राहणारे कारखान्यांचे कामगार, पण संडासाला नळ आणि आतून कडी! "देवमाणसं हायेत ती," असे ती म्हणे.

समाचाराला येणाऱ्यांचे तर तिने पीठ पाडले. पिशवी गेली म्हणजे बाईचे बाईपणच गेले, असे पदराने डोळे पुसत सांगणाऱ्या शेजारणीला तिने शांतपणे विचारले, "माझी पिशवी डाक्टरनं काढली, बाय. तुझी अक्कल कोणी काढली?"

आता आतोबा. तिच्या नवऱ्याबद्दल चांगले बोलायची माझी फार इच्छा आहे, पण साहित्य मिळत नाही. पोस्टातून निवृत्त झालेला हा गृहस्थ, जो शेवटचा बोलेल त्याच्याशी सहमत असे. ऑपरेशननंतर त्यांनी आपले अंथरूण मुकाट्याने ओटीवर नेले. कारण काय, तर तिला त्रास नको. तिला त्रास होतो का, हे तिला विचारायचे राहून गेले. एकदा भर पंगतीत आत्यानेच विचारले, "मला काय लागण हाय?" आतोबांनी आमटी वाढून घेतली.

अशात आत्याच्या एकुलत्या एक मुलाचे, दिलीपचे, लग्न ठरले. मुलगी एडवणची, गुणाची. तिचे वडील तात्या मात्र गावातले सर्वात मोठे घर आणि त्याहून ताठ मान असलेले गृहस्थ. दुमजली घर, रंगीत फरशी, पितळी कड्यांचा झोपाळा आणि दारातच तात्यांचा स्वतःचा हार घातलेला फोटो. हो, जिवंतपणी. बैठकीला आम्ही गेलो तेव्हा आत्या सवयीने मागच्या दाराने गेली आणि लगेच परतली. मागे फक्त नारळीची वाडी होती.

देण्याघेण्याचे बोलणे आटोपल्यावर तात्यांनी शाल सारखी केली आणि उदारपणे म्हणाले, "विहीणबाई, तुमीबी काय मागायचं ते मागा. संकोच नको."

"संडास," आत्या म्हणाली. "मांडवाला लागून. आतून कडी पायजे."

तात्या आधी हसले, मग ही थट्टा नाही हे उमगून गोरेमोरे झाले. आमच्या सात पिढ्या वाडीत जातात, बायका उजाडायच्या आत उरकून येतात, असा घराण्याचा उज्ज्वल इतिहास त्यांनी सांगितला. मग आत्याला वगळून ते आतोबांकडे वळले. विहीणबाईंची तब्येत नाजूक, त्यांनी कशाला दगदग करावी, घरीच आराम करावा, लग्नाचे फोटो आपण आठवणीने पाठवू. आतोबा म्हणाले, तेही बरोबर आहे.

सुजलेला पाय आत्याने खुर्चीखाली ओढून घेतला. मग म्हणाली, "मला लाईट दिली ती जगायला दिली, तात्या. फोटो बघायला नाय. पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायला नाय मिळाल्या, तर मी वाचले कशाला?"

आतल्या दाराआड उभ्या असलेल्या तात्यांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला.

लग्न मोडायचे तिच्या मनात नव्हते, मुलगी तिला आवडली होती. तिने फक्त तोंड उघडले. दारावर आलेल्या कोळणीपासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना तिने एडवणच्या त्या घराचे रसभरित वर्णन ऐकवले. झोपाळ्यापासून सुरुवात करून ती वाडीत संपवी. मासळीच्या टोपल्यांबरोबर ही कथा किनाऱ्याने वर-खाली फिरली. तात्या बाजारात दिसले की लोक काळजीने विचारत, बांधकाम कुठवर आले? सात पिढ्यांचा इतिहास पंधरवड्यात गडगडला. पांढऱ्या टाइलांचा संडास उभा राहिला आणि तात्यांनी, हसू नका, नारळ फोडून त्याचे उद्घाटन केले. म्हणे ही कल्पना त्यांची स्वतःची. त्यांच्या घरातल्या बायकांनी तो वापरायला सुरुवात केली.

लग्नाच्या दिवशी आत्या पहाटेपासून उपाशी होती, पोटाने दगा देऊ नये म्हणून. जांभळा शालू नेसून ती वरमाईच्या मानाने पहिल्या खुर्चीत बसली. अंतरपाट धरला गेला. भटजींनी सूर लावला. दुसरी मंगलाष्टका संपत आली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला आणि मला कळले. अक्षता मुठीत आवळून ती उठली आणि भर मांडवातून, कोणाकडेही न बघता, पांढऱ्या दाराकडे चालत गेली.

कुजबुज झाली. तात्यांनी भटजींना खूण केली, चालू द्या, मुहूर्त टळेल. भटजींनी वेग वाढवला. शेवटच्या मंगलाष्टकेला सुरुवात झाली, करवल्या सरसावल्या, वाजंत्रीवाल्याने सनई ओठाला लावली, आणि दार बंदच होते. दिलीप अंतरपाटाआडून मान वळवून बघत होता. माझ्या शेजारी काहीतरी हलले. आतोबा उभे राहिले होते. फेटा तिरका झालेला. आता हे कोणाशी सहमत होणार, असा विचार माझ्या मनात येतो न येतो तोच त्या गृहस्थाने साऱ्या एडवणला ऐकू जाईल अशा आवाजात आयुष्यातले पहिले स्वतःचे वाक्य टाकले:

"ओ भटजी, थांबा! वच्छी संडासात हाय, ती आल्याबिगर माझ्या पोराचं लगीन लागणार नाय!"