ऑरिन टिबेट्सनं एकदाच पाहिलं

कल्पना करा, तुम्हाला एवढंच करायचं आहे. खोलीत शिरायचं. सोफ्यावर सिंह बसलाय, त्याला हॅट काढून नमस्कार करायचा, दोन पावलं पुढे जायचं आणि मग गर्रकन मान वळवून पुन्हा बघायचं. करून बघा. मान लवकर वळली तर कुणी हसत नाही, उशिरा वळली तर लोक कंटाळतात. ऑरिन टिबेट्सला ती मधली वेळ अचूक कळायची. ओहायोत तंबूतल्या नाटकांत तो ती शिकला आणि बोलपट नवे होते तेव्हा ती घेऊन हॉलिवूडला आला.

इथे त्यानं बटलर केले, हवालदार केले, हॉटेलातले कारकून केले, नायिकांचे बाप केले. कपडे बदलले, मान तीच राहिली. पुढे पुढे त्याला संवादही मिळेनात. पटकथेत नुसतं लिहिलेलं असायचं, ‘टिबेट्स बघतो.’

स्टुडिओच्या कँटीनमध्ये जेवण वाढणारी डॉट त्याच्यापुढे सूप ठेवायची आणि ओरडायची, “ऑरिन, सूपात बेडूक!”

“डॉट, आज जेवू दे गं मला.”

“एकदाच! माझी बहीण आलीये कॅन्ससहून. तिला खरंच वाटत नाही मी तुला ओळखते.”

मग तो सूपकडे बघायचा, मान फिरवायचा, पुन्हा बघायचा. बहीण टाळ्या वाजवायची. सूप निवून जायचं.

करार सात वर्षांचा होता. स्टुडिओ देईल ते काम करायचं. नाही म्हटलं की पगार बंद, आणि जितके दिवस घरी बसाल तितके दिवस करार लांबणार. “पळालेल्या कैद्याची शिक्षा वाढवतात ना, तसंच आहे हे,” असं ऑरिन हसत सांगायचा. ऐकणाऱ्याला तोही विनोदच वाटायचा.

युद्धाच्या आदल्या वर्षी खाणकामगारांवरच्या एका चित्रपटातला म्हातारा नट आजारी पडला आणि दिग्दर्शक डॉर्ननं ती भूमिका ऑरिनला दिली. खाणीत मेलेल्या मुलाची टोपी बापाच्या हातात आणून देतात, असा प्रसंग. निर्माते गॉल्ट कुरकुरले, पण तयार झाले. म्हणाले, “लोकांनी तुला यात मानलं, तर पुढच्या करारात माणसांच्या भूमिका देईन. नाही मानलं, तर सिंह आहेतच.”

ऑरिन डॉर्नला म्हणाला, “मी टोपीकडे एकदाच बघणार.”

त्यानं तसंच केलं. टोपी हातात घेतली, बघितली, खुंटीला अडकवली आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. वर फळीवर दिवे सांभाळणारी माणसं एरवी सतत बडबडत असतात. त्या दिवशी ‘कट’ झाल्यावरही कुणी बोललं नाही.

चित्रपट पुरा करण्याआधी तो लांबच्या एखाद्या गावात, आधी नाव न सांगता दाखवून बघायची आमच्याकडे पद्धत होती. संत्र्यांच्या बागांमधल्या एका गावात आम्ही गेलो. मुख्य संकलक ब्लँच आणि तिचा मदतनीस मी, असे आम्ही मागच्या रांगेत होतो. आमच्यापुढे ऑरिन आणि त्याची बायको मॅव्हिस.

पडद्यावर ऑरिननं टोपीकडे बघितलं. पुढे कुणीतरी खुदकन हसलं. तो खुंटीकडे वळला तेव्हा रांगच्या रांग हसू लागली. एक बाई शेजारणीला म्हणाली, “थांब थांब, आता बघेल!” त्यानं पाठ फिरवली. मान काही वळेना. जितकी ती वळत नव्हती, तितकं थिएटर हसत होतं. मॅव्हिसनं ऑरिनचा हात धरला. तो पडद्याकडेच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गॉल्ट आमच्या संकलनाच्या खोलीत आले. “काढा त्याला.”

“तो प्रसंग काढला तर पोरगा मेला हेच कळणार नाही,” ब्लँच म्हणाली. “मला जरा बघू द्या.”

डॉर्ननं तोच प्रसंग मागूनही टिपून ठेवला होता. ब्लँचनं चेहऱ्याचा प्रत्येक तुकडा कापला. उरली पाठ, टोपी धरलेले हात आणि खुंटी. मी आवाज जुळवून दिला. दुसऱ्या गावात दाखवला तेव्हा त्या प्रसंगाला थिएटर चिडीचूप झालं. कुणीतरी नाक शिंकरलं.

ऑरिन खुशीत गॉल्टकडे गेला. “मग, ठरल्याप्रमाणे?”

“कशाचं ठरल्याप्रमाणे? लोकांनी तुला मानलं कुठे? त्यांना तू दिसलासच नाहीस, बाबा.”

पुढच्याच आठवड्यात त्याला बटलरची भूमिका आली. त्यानं ती नाकारली नाही. त्यानंतर किती केल्या, ते त्यालाही आठवत नाही. आता करार संपलाय, साठी उलटलीये, तरी तो अधूनमधून आमच्या खोलीत येतो, स्टुलावर बसतो आणि ब्लँचला म्हणतो, “एकदा लाव ना तो तुकडा.”

ब्लँच लावते. संकलनाच्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर पाठ उभी राहते. तो पुढे वाकून बघतो.

“ब्लँच, तू नेहमी खरं सांगतेस. तिथे दुसरा कुणी उभा केला असतास, एखादा सुतार, एखादा शिपाई, तरी लोक तसेच गप्प बसले असते का गं?”