खिशावरचा डाग

माझी नणंद लाँड्रीत डाग काढायची. मी त्याच लाँड्रीच्या काउंटरवर बसायचे आणि ती मागच्या खोलीत. गिऱ्हाइकं तिला डागताई म्हणायची. एरवी राग नाकाच्या शेंड्यावर असलेल्या या बाईला ते नाव आवडायचं, याचं मला अजून नवल वाटतं.

तिची सगळी भिस्त एन्झाइमच्या पावडरीवर. आपल्या पोटात अन्न पचवणारी एन्झाइमं असतात ना, त्यांच्याच जातकुळीतली ही. मी नवीन असताना तिने समजावलं होतं, "अगं, कात्री समज. डागाचे बारीक तुकडे करते, मग पाणी ते वाहून नेतं. कात्री काही झिजत नाही, लगेच पुढच्या तुकड्याला लागते. म्हणून चिमूटभर पुरते."

"आणि पावडर घातलीच नाही तर?"

"तुकडे तरीही होतील कधीतरी. तोवर आपण दोघी म्हाताऱ्या होऊ."

शिवाय प्रत्येकाचं काम ठरलेलं. रक्त, दूध, अंडं कापणारं एन्झाइम तेलाला हात लावत नाही, आणि तेलाचं पिठाच्या डागाकडे ढुंकून बघत नाही. अगदी आमच्या घरातल्या पुरुषांसारखं. पाणी मात्र कोमट हवं. गार पाण्यात ती आळसावतात, उकळत्या पाण्यात त्यांचा आकारच मोडतो आणि ती कायमची निकामी होतात. वर अंडं कापडातच शिजून धाग्याला चिकटून बसतं ते वेगळंच. घरीच कढत पाणी ओतून मग आमच्याकडे धावत येणाऱ्या उंटावरच्या शहाण्यांना ती फाडून खायची.

नवरा लवकर गेलेला, मुलगा एकुलता एक. तो दूर देशी नोकरीला निघाला त्या सकाळी, घाईत खाताना त्याच्या आकाशी शर्टाच्या खिशावर अंड्याचा बलक सांडला. शर्ट बदलत तो म्हणाला, "आई, डाग काढून ठेव. आलो की हाच घालतो."

जगाचे डाग काढणाऱ्या बाईने तो शर्ट तसाच कपाटात ठेवला. मी टोकलं की म्हणायची, "येतोय असं कळलं की आदल्या दिवशी भिजवीन." त्याचं येणं दर वर्षी पुढे जात होतं. तिला त्याची फार आठवण यायची. जेवताना जिन्यात पावलं वाजली की तिचा घास हातातच राहायचा, आणि पावलं वरच्या मजल्यावर गेली की ती मुकाट्याने जेवायला लागायची.

एका रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी तिच्या घरीच होते. त्याने तिकडेच घर घेतलं होतं. आता इकडे राहायला येणं काही जमायचं नाही, म्हणाला. "माझे कपडे कुणाला तरी देऊन टाक, आई. कपाट मोकळं होईल तुला."

"बरं," ती म्हणाली.

दुपारी आम्ही दोघींनी कपाट उपसलं. पँटी, स्वेटर, सगळं शेजारणीने येऊन नेलं. तो शर्ट तेवढा राहिला.

"कोमट पाण्यात टाकू का?" मी विचारलं. "डाग निघाला की हाही देता येईल. असा कोण घेणार?"

ती शर्ट घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले तर पातेल्यात पाणी खळखळत होतं. मला वाटलं, बाईचं चित्त थाऱ्यावर नाही.

"ताई, उकळलंय ते."

"दिसतंय मला."

तिने शर्ट मोरीत पसरला आणि सगळं पाणी खिशावर ओतलं.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. "दिलेस का कपडे?"

"दिले. एक शर्ट राहिलाय. त्याचा डाग निघत नाही."

तो हसला. "तुझ्या हातून? मग टाकून दे की."

"टाकवत नाही रे," ती म्हणाली. "तू ये. तुझा शर्ट आहे, तूच काय ते ठरव."

तिने फोन ठेवला नाही, उत्तराची वाट बघत राहिली.