रेणुकाचा मासा आणि माझे हात

आता काय सांगू तुम्हाला, चहाचा कप आधी खाली ठेवा. हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातात मासा काय, चमचासुद्धा देणार नाही!

आम्ही सिडनीत, पॅरामॅटाजवळ राहतो. कोविडचे दिवस. घरात कोंडलेल्या माणसाने करायचं तरी काय? मी कुंपणावरून बघायचे. पलीकडे रेणुका आणि निखिल, नवराबायको, दोघं पुण्याची, आयटीतली. एक दिवस बघते तर रेणुका ड्राइव्हवेवर पिवळ्या लांबलचक होडीत बसून कोरड्यातच वल्हं मारतेय!

"अगं, बरी आहेस ना?"

"प्रॅक्टिस, काकू! बंधनं उठली की ही कयाक घेऊन डार्लिंग नदीवर जाणार. मासे पकडायला."

निखिल दारातून ओरडला, "वर्षभर गळ टाकतेय, काकू! अजून शेपटी दिसली नाही. येताना फ्रोजनच आण गं!"

रेणुका लाल झाली. "एक तरी मासा आणून तुझ्याच तव्यावर टाकीन. नाहीतर ही कयाक विकून टाकीन!"

कयाकला सीट दोन. निखिलची कंबर धरलेली. मग मागच्या सीटवर कोण? मीच विचारलं आणि मीच उत्तर देऊन टाकलं.

बंधनं उठली, आणि आम्ही दोघी दोन दिवस गाडी हाकून पोचलो. काय तो मुलूख हो! नजर जाईल तिथपर्यंत लाल माती, आणि त्या वाळवंटातून दुधाच्या चहासारखी नदी निवांत चाललेली. पाण्यात पडलेल्या ओंडक्यांमधून ही पोरगी कयाक अशी अलगद काढायची, की मी मागे बसून नुसती बघत राहायचे. माझं वल्हं कमी आणि तोंड जास्त चालत होतं. एकदा तर वल्हंच हातातून सुटून वाहत निघालं. एक शब्द न बोलता तिने कयाक वळवली आणि ते उचलून दिलं. माझी सून असती तर?

पुढे तळं लागलं. अफाट! पाण्यात वाळलेली झाडं उभी, त्यांवर पक्षी. आणि मासेही लागायला लागले, पण सगळे लहान. रेणुका पट्टीवर मोजायची आणि म्हणायची, "नियमात बसत नाही. सोडायचा."

"अगं, एवढ्यात दोघं जेवतील!"

"नियम म्हणजे नियम, काकू. हात ओले करा. हळूच धरा. तोंड पाण्याकडे. तो आपला आपण जाईल."

पकडायचं तिने, सोडायचं मी. आणि खरं सांगू? मला ते आवडायलाच लागलं! आदल्या गणपतीत आमच्या बाप्पांचं विसर्जन अंगणात बादलीत केलं होतं, मनाला रुखरुख होती. इथे समोर एवढं पाणी. मासा सोडताना हात आपोआप तीनदा खालीवर व्हायचे आणि तोंडातून निघायचं, "मोरया!"

शेवटची दुपार. गळाची काठी वाकली ती वाकलीच! कयाक गरागरा फिरली. रेणुका दात आवळून ओढतेय, मी किंचाळतेय, पक्षी उडाले. शेवटी जाळीत आला. सोन्यासारखा पिवळा यलोबेली मासा, मांजराएवढा! पट्टीसुद्धा अपुरी पडली.

तिचे डोळे भरून आले. "काकू, धरा ह्याला. मी बर्फाची पेटी उघडते."

मी धरला. हात ओले केले. हळूच. तोंड पाण्याकडे. आणि अगदी भक्तिभावाने, "गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!"

रेणुका वळली. पेटी उघडी, बर्फ चमकतोय.

"काकू, मासा?"

"गेला की. छान गेला, आपला आपण."

बोलले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला! आता ही मलाच पाण्यात सोडणार. पण ती इतकी हसली, इतकी हसली, की कयाक उलटायची राहिली.

घरी आलो तर निखिल फाटकातच. "कुठाय मासा?"

"होता मोठा. सुटला माझ्या हातून," रेणुका म्हणाली.

माझ्या हातून म्हणाली! एवढं मोठं मन! पण माझ्या पोटात काही राहतं का? "साफ खोटं! हिने पकडला, मी सोडला!" म्हणून सगळं रामायण सांगून टाकलं. निखिलने स्वतःचे कान धरले. कयाक राहिली, आणि मागच्या सीटवर आता तो बसणार असं ठरलं.

पुढच्या गणपतीत पुन्हा लॉकडाऊन. पुन्हा बादली. कुंपणापलीकडे ती दोघं टाळ्या वाजवायला उभी. मी मूर्तीला हात लावते न लावते, तोच निखिल आमच्या ह्यांना ओरडून म्हणाला,

"काका, मूर्ती तुम्हीच धरा! काकू आरतीच्या आधीच सोडतील!"