‘आधी’च्या पाटीखाली

"तू ‘आधी’खाली उभी राह. रिया ‘नंतर’खाली."

निखिल हे बोलला तेव्हा त्याचं तोंड मोबाईलमधी होतं. माह्याकडं पाहायचीही त्याले गरज वाटली नाई. कॉलेजचा हॉल, प्रदर्शनाचा दिवस. आमच्या टेबलावर दोन पाट्या टांगल्या होत्या, एकीवर ‘आधी’, दुसरीवर ‘नंतर’. मी मायचं जुनं पातळ नेसून आलती. मले त्याचा मेसेज होता, "गावाकडचा ड्रेस घाल, रिअल वाटलं पाहिजे." रिया जीन्स घालून आलती. तिले कोणी मेसेज केला नव्हता.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाले. हिंगणीची, गोंडाची पोट्टी. हे दुसरं मले सांगावं लागत नाई, लोकच मले सांगतात. पह्यल्या वर्षी ह्याच निखिलनं विचारलं होतं, "तुला काय टेन्शन, तुमच्या सीटा पक्क्याच ना?" देवळीत त्याच्या बापाचं कापडाचं मोठं दुकान. घरी आपल्यासारखाच बोलत असंन. कॉलेजात पाय ठेवला का जिभेवर पुणं चढते.

विषय असा होता, एक साधी वस्तू बनवा अन् ती विकून दाखवा. गटाचा लीडर निखिल. काऊन? तर त्यानंच तसं सांगितलं म्हणून. त्यानं मोबाईल ठेवायचं स्टँड सुचवलं. मी कापूस वेचायची थैली म्हटली. सरले थैली आवडली, "ग्रामीण समस्या, छान." त्या दिवसापासून थैली निखिलची झाली.

आमच्याकडं वेचणीले बाया कमरेले जुनं लुगडं बांधतात. त्याले ओटी म्हणतात. कापूस भरत जाते तशी ओटी कमरेले ओढते. संध्याकाळी माय भिंतीले पाठ लावून बसते, मंग तिले उठवत नाई. मी त्या ओटीले खांद्यावरून पट्टे देल्ले. भरलेला कापूस खालून सोडायले नाडी देल्ली. नालवाडीच्या एका टेलरबाईच्या मशीनवर बसून मी ती शिवली, उसवली, पुन्हा शिवली. निखिल तिकडं फिरकला नाई. त्यानं लोगो बनवला. आयत्या बिळावर नागोबा, अन् वरून त्या नागोबाचा लोगो.

पोस्टरच्या फोटोसाठी रियानं थैली पाठीवर घेतली. शाळेच्या दप्तरासारखी. मी म्हटलं, "ती समोर असते. मागं हात कसा पोचंन?"

निखिल म्हणाला, "मागे घेतली की फोटो भारी येतो. तू टेक्निकलमध्ये नको पडू."

थैली मी शिवली, अन् मीच टेक्निकलमधी नको पडू. तरी चूप बसली. मार्क गटाले मिळणार होते अन् नापास झाली तर माही स्कॉलरशिप अडकते. पोस्टर छापून आलं. संकल्पना अन् डिझाईन, निखिल. मॉडेल, रिया. सगळ्यात खाली, सहकार्य, तिथं मी.

परीक्षक नागपूरहून आलता. कुठल्याशा कंपनीचा मालक. रियाच्या पाठीवरची थैली पाहून मान डोलवली, "वा, स्मार्ट." त्याच्यासंगं बाकीच्यांनीही डोलवली. कापूस टाकायचा कोणत्या हातानं, हे एकाच्याही डोक्शात आलं नाई. मंग तो माह्यापुढं थांबला. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलला, "बाई, किती वर्षं कापूस वेचता? आवडली का थैली?"

मी निखिलकडं पाह्यलं. एक वाक्य पुरे होतं. सर, ही आमच्या वर्गातली हाय. तो हसला अन् म्हणाला, "सर, ही आमची ओरिजिनल युजर."

आमचे सर बाजूलेच उभे. पह्यल्या वर्षापासून मले शिकवणारा माणूस. त्यानं चष्मा काढला अन् पुसत बसला.

तळपायाची आग मस्तकात गेली. मजूर समजल्याची मले लाज नाई. माही माय मजूर हाय, सुट्टीत मीही वेचाले जाते. पण त्या हॉलात मजूर म्हणजे जिले डोकं नाई अशी बाई, जिच्याशी ओरडून बोलायचं, जिच्या नावानं टाळ्या घ्यायच्या. त्या सगळ्यांची मले किळस आली.

मी म्हटलं, "मी थर्ड इयर मेकॅनिकलले हाय. ही थैली मी बनवली. ह्यानं नाई."

परीक्षक पोस्टरकडं पाहाले लागला. मी रियाच्या खांद्यावरून पट्टे काढले. तिनं काढू देल्ले. निखिल दात खाऊन बोलला, "ए, सीन नको करू वो. सगळ्यायचे मार्क जातीन."

घाबरला का पुण्याची मराठी जरा कमी होते, हे तेव्हा समजलं. मी ‘आधी’ची पाटी काढली अन् त्याच्या हातात देल्ली.

"हे धर. तू उभा राह्य."

थैली समोर बांधून मी हॉलच्या बाहेर आली. सर मागं मागं आले. "अगं, प्रसंग सांभाळून घ्यायचा असतो. टीमवर्कचे मार्क मला देता येणार नाहीत."

"नका देऊ."

"नापास होशील."

"होईन."

झालीही. गट मात्र पास झाला. थैली नव्हती, पण पोस्टर होतं ना. इंजिनिअरिंग अशी असते हे मले कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. निखिल आता व्हॉट्सॅपवर स्वतःले फाउंडर लिहिते. कशाचा, ते कोणी विचारत नाई.

गावाले गेली, भांडून नापास झाली म्हटलं, तर माय म्हणे, "काऊन भांडली वो?"

सगळं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं, मंग विचारलं, "थैली आणली ना वापस?"

"हाव."

"मंग दे इकडं. उद्या वेचाले जाचं हाय."

स्कॉलरशिप अडकली हाय. विषय मले पुन्हा द्यायचा हाय. सर म्हणतात, गट लागते, निखिलशी बोलून पाह्य, सॉरी म्हण. नाई म्हणणार. एकटीचा अर्ज देल्ला हाय, नाई घेतला तर पुन्हा देईन. थैली तीच राहीन. परीक्षक कोणीही येऊ द्या. त्याच्यापुढं मी माह्या रोजच्या कपड्यात उभी राहीन, थैली समोर बांधून, अन् त्यानं तोंड उघडायच्या आधी पह्यलं वाक्य मी बोलीन.